मंडळीचें घर कोणत्या वळणाचें असावें?

(उपदेशकांसाठीं व मंडळीच्या अभ्यासवर्गासाठीं पाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग : निर्गम 35:20 ते 36:7, 1 राजे 5:1-18 व 7:13-22, इफिसकरांस 2:13-22, याकोब 2:1-9.

पाठाचा मुख्य विचार : उपासनेच्या घराला आपल्या लोकांचें वळण असावें; परंतु वडिलांकडून आलेली प्रत्येक गोष्ट ख्रिस्तापुढें पारखून मगच आंत घ्यावी.



एका खेड्यांतील मंडळीच्या पंचांच्या बैठकीस बसण्याचा प्रसंग मला आला होता. तेथील जुनें प्रार्थनामंदिर मोडकळीस आलें होतें व नवें कसें बांधावें याचा विचार चालला होता. एक पंच म्हणाले, “शहरांतल्या चर्चला आहे तसें उंच निमुळतें शिखर असावें आणि खिडक्यांना टोंकदार कमानी असाव्या. म्हणजे हें ख्रिस्ती लोकांचें मंदिर आहे असें दुरून कळेल.” शाळेचे तरुण मास्तर म्हणाले, “तें वळण परदेशचें. आपण मराठी माणसें. आपल्या मंदिराला सभामंडप व कळस कां नसावा?” तेव्हां कोपऱ्यांत बसलेले एक म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले, “मास्तर, तुमचें बरोबर असेल. पण माझ्या आज्याला देवळाच्या पायरीला हात लावूं दिला नाहीं. तोच कळस मीं आतां आपल्या मंदिरावर कां चढवावा?”

यावर कोणीच कांहीं बोललें नाहीं. प्रार्थना झाली व बैठक उठली. पण त्या आजोबांचा प्रश्न माझ्या मनांतून जाईना. आपल्या पुष्कळ मंडळ्यांपुढें आज ना उद्यां हा प्रश्न येणार आहे. म्हणून आजच्या पाठांत त्याचा विचार शास्त्राच्या आधारें करूं या.

1. शास्त्र काय शिकवितें?

देवानें मोशेला निवासमंडपाचा नमुना पर्वतावर दाखविला. नमुना देवाचा होता, परंतु मंडपाचें सामान लोकांच्या घरांतलें व वाटेवरचें होतें. बकऱ्यांचे केस, मेंढ्यांचीं कातडीं आणि बाभळीचें लाकूड या वस्तु रानांतून प्रवास करणाऱ्या त्या लोकांच्या रोजच्या ओळखीच्या होत्या. लोक तंबूंत राहत होते, म्हणून देवानेंही त्यांच्यामध्यें तंबूंतच वस्ती केली. बायकांनीं आपल्या हातांनीं सूत कातलें. बसालेल नांवाच्या कारागिराला देवानें आपल्या आत्म्यानें भरलें, तें उपदेश करावयास नव्हे, तर लांकडांत, धातूंत व रत्नांत काम करावयास. हातांच्या कसबाला शास्त्रानें दिलेला हा मान आपण विसरूं नये.

पुढें लोक देशांत स्थिर झाले व शलमोनानें पक्कें मंदिर बांधलें. त्यासाठीं गंधसरूचें लाकूड लबानोनाहून आलें. पितळेचें काम करणारा हिराम हा सोर येथील कारागीर. त्याची आई नफताली वंशांतील विधवा, बाप सोरचा. म्हणजे एका हातांत दोन देशांचें कसब होतें. त्यानें खांबांच्या माथ्यावर डाळिंबें व कमळें घडविलीं. शेजाऱ्याचें कसब घेणें हें पाप नव्हे, व फुलाफळांची शोभा देवाला नावडती नाहीं, हें यावरून दिसतें.

परंतु तोच अध्याय आणखी एक गोष्ट सांगतो. शलमोनानें सर्व इस्राएलांतून तीस हजार माणसें वेठीला धरिलीं व दर महिन्याला दहा हजार याप्रमाणें त्यांना लबानोनास पाठविलें. तो मेल्यावर लोकांनीं त्याच्या पुत्राकडे पहिलें गाऱ्हाणें नेलें तें याच जड जुवाचें, व त्या गाऱ्हाण्याला कठोर उत्तर मिळतांच राज्य फुटलें (1 राजे 12). आपल्या वडिलांनीं गांवकीची वेठ पाठीवर वाहिली आहे. त्यांना या अध्यायाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागणार नाहीं. निवासमंडपासाठीं मात्र ज्याच्या मनाला स्फूर्ति झाली त्यानेंच आणलें, आणि इतकें आणलें कीं शेवटीं मोशेला, आतां पुरें, अशी दवंडी पिटवावी लागली. घर कोणत्या आकाराचें आहे यापूर्वीं तें कोणाच्या कष्टानें व कोणत्या मनानें उभें राहिलें हें पाहिलें पाहिजे.

2. आपल्या देशांतील दोन मंदिरें

आतां शास्त्रांतून आपल्या देशाकडे वळूं. पूर्वीच्या निजामाच्या राज्यांत, तेलुगु मुलखांत, म्हणजे आजच्या तेलंगणांत, एकाच काळांतील दोन मोठीं ख्रिस्ती मंदिरें आहेत. दोन्ही मुख्यतः गरीब खेडुतांच्या मंडळ्यांसाठीं बांधलीं गेलीं.

पहिलें मेदकचें. वेस्लियन मिशनचे चार्ल्स पॉस्नेट यांच्या पुढाकारानें तें बांधलें गेलें व 25 डिसेंबर 1924 रोजीं त्याचें समर्पण झालें. त्याची रुंदी सुमारें 100 फूट, लांबी सुमारें 200 फूट व मनोऱ्याची उंची सुमारें 175 फूट आहे. त्याचें सारें वळण इंग्लंडांतील जुन्या गॉथिक चर्चांचें आहे. दुष्काळाच्या दिवसांत त्या कामावर लोकांना मजुरी व अन्न मिळालें. म्हणून परदेशी वळणाचें मंदिर म्हणून त्याला नांवें ठेवणें बरें नव्हे. ज्या घराच्या बांधकामांतून भुकेल्यांना भाकरी मिळाली, तें घर त्यांना परकें वाटलें नसेल.

दुसरें दोर्नकलचें. बिशप व्ही. एस. अझरिया हे तिरुनेल्वेलीकडील तमिळ गृहस्थ. तेथील ख्रिस्ती लोकांनीं 1903 सालीं आपली स्वतःची मिशनरी संस्था काढिली, व तिच्या कामासाठीं ते 1909 सालीं दोर्नकल येथें आले. 29 डिसेंबर 1912 रोजीं कलकत्त्यास त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली; अँग्लिकन मंडळींत हिंदी माणसाला तें पद मिळण्याची ती पहिलीच वेळ. आपल्या मुख्य मंदिराचा आराखडा ठरवितांना त्यांनीं इंग्लंडकडे पाहिलें नाहीं. मशिदीसारखे घुमट व मनोरे, देवळासारखे कोरीव दगडी खांब, आणि या सर्वांवर क्रूस, असें तें मंदिर आहे. पैसा थोडा होता, म्हणून कित्येक वर्षें गेलीं. शेवटीं 6 जानेवारी 1939 रोजीं तें उघडलें गेलें.

तो दिवस सहज धरिलेला नव्हता. 6 जानेवारी हा प्रकटीकरणाचा सण, आणि मंदिराचें नांवही त्याच सणावरून ठेविलेलें आहे. त्या सणाला आपण पूर्वेकडील ज्ञानी लोकांची आठवण करितों. ते लोक यहूदी नव्हते. त्यांनीं बाळ येशूपुढें जें ठेविलें तें आपल्या देशाचें धन होतें : सोनें, ऊद व गंधरस. येशूपाशीं येण्यासाठीं त्यांना आपलें धन फेंकून द्यावें लागलें नाहीं. तें त्याच्या पायांशीं ठेवावें लागलें. दोर्नकलच्या खांबांचा व घुमटांचा अर्थ याहून वेगळा नाहीं.

3. आजोबांच्या प्रश्नाचें उत्तर

येथें कोणी म्हणेल, बिशपसाहेबांनीं देवळाचे खांब घेतले, पण त्यांना देवळाबाहेर उभें राहण्याचें दुःख काय ठाऊक? हा आक्षेप टिकत नाहीं. त्यांच्या मंडळ्यांतील बहुतेक लोक माला व मादिगा या जातींचे होते. गांवानें त्यांना अस्पृश्य मानून देवळापासून दूर ठेविलें होतें. इतकेंच नव्हे, तर त्या दोन जाती एकमेकींचाही विटाळ मानीत. अशा लोकांना एका छपराखालीं, एका पात्रांतून प्रभुभोजन घ्यावयास बसविणें हें खांब उभे करण्याहून फार कठीण काम होतें.

मग त्यांनीं ते खांब कां घेतले? मला दोन कारणें दिसतात. पहिलें असें. देवळावर हक्क कोणाचा ही एक गोष्ट, आणि देऊळ घडविणारे हात कोणाचे ही दुसरी गोष्ट. दगड फोडणारे, चुना भाजणारे, माती तुडविणारे, दोर वळणारे, ओझीं वाहणारे लोक कोण होते? ज्यांना आंत जाऊं दिलें नाहीं, अशांचा घाम त्या भिंतींत पुष्कळ आहे. कसब हें देवाचें देणें आहे. त्यावर कोणाचें कुलूप नाहीं. तेव्हां चांगला घडलेला खांब पाहून आपण असें म्हणूं नये कीं हें त्यांचें आहे. तो आपल्याही वडिलांच्या हातांचा आहे.

दुसरें कारण असें कीं, खांब घेतला म्हणजे गाभारा घ्यावा लागतो असें नाहीं. देवळांत दोन भाग असतात. सभामंडप हा लोकांचा. तेथें भजन होतें, कीर्तन होतें, गांव बसतो. गाभारा हा काळोखाचा, थोड्यांचा. तेथें कोण जाईल व कोण जाणार नाहीं हें जन्मावरून ठरत आलें. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशीं डॉ. आंबेडकरांच्या अनुयायांनीं 1930 सालीं सत्याग्रह सुरू केला, तो वर्षानुवर्षें चालूनही दार उघडलें नाहीं. पंढरपूरचें मंदिर 1947 सालीं, साने गुरुजींच्या उपोषणानंतर, सर्वांना खुलें झालें. हें आपल्या मुलखांतच घडलें, व तें विसरा असें आजोबांना सांगण्याचा आपणांस अधिकार नाहीं. ख्रिस्ताच्या मरणाच्या वेळीं मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. म्हणून आपल्या मंदिरांत सभामंडप असावा, गाभारा नसावा.

यावरून त्या बैठकींतील तिघांचेंही थोडें थोडें बरोबर होतें असें मला वाटतें. ख्रिस्ती मंदिर ओळखूं यावें, हें पहिल्या पंचांचें म्हणणें योग्य. पण त्यासाठीं दारावर साधा क्रूस पुरे, परदेशी शिखर लागत नाहीं. आपलें मराठी वळण असावें हें मास्तरांचें म्हणणें योग्य. पण कळस हें मूर्तीच्या निवासाचें चिन्ह आहे, तें आपणांस नको. आणि आजोबांचें म्हणणें तर सर्वांत महत्त्वाचें, कारण त्यांनीं ‘वारसा कोणाचा?’ हें विचारलें.

वारसा म्हटला कीं आपण देऊळ, वाडा व किल्ला यांकडेच बोट दाखवितों. गरिबांनाही वारसा आहे. महारवाड्यांतील तक्क्या आठवा. तेथें पाहुणा उतरे, पंच बसत, तंटे मिटत, रात्रीं एकतारीवर भजन होई. त्या जागेला ना शिखर ना नक्षी, पण तेथें सर्वांना जागा होती. आपल्या प्रार्थनामंदिराचें खरें मूळ तेथें आहे असें म्हणावयास मला लाज वाटत नाहीं.

4. काय घ्यावें व कसें बांधावें?

(अ) दार व पायरी. दार सर्वांना एकच असावें. पायऱ्या थोड्या व ठेंगण्या असाव्या, आणि एका बाजूला उतरता रस्ता असावा, म्हणजे लंगडा, आंधळा, म्हातारा यांना कोणाचा हात न धरतां आंत येतां येईल. श्रीमंताला चांगली जागा व गरिबाला पायांपाशीं जागा देणाऱ्यांना याकोबानें जें विचारलें, तें आराखडा काढतांनाच स्वतःला विचारावें. कांहीं मंडळ्यांत एका जातीचे लोक पुढें व दुसऱ्या जातीचे मागें बसत, हें आपण ऐकलें आहे. भिंत दगडाचीच असते असें नाहीं.

(ब) ओसरी. आपल्या घरांना ओसरी किंवा पडवी असते ती उगाच नव्हे. उन्हाची तिरीप व पावसाचा मारा ती भिंतीवर येऊं देत नाहीं. मंडळीच्या घराला तिचा आणखी एक उपयोग आहे. ज्याला आंत येण्याचा धीर होत नाहीं, पण ऐकण्याची इच्छा आहे, असा शेजारी ओसरीवर बसतो. कित्येकांचा विश्वास ओसरीवरच सुरू झालेला असतो. आठवड्याच्या इतर दिवशीं तेथें मुलांचा अभ्यास, बायकांचा वर्ग व पंचांची बैठक होऊं शकते.

(क) बैठक. खुर्च्या व बांकें यांवर पैसा घालण्यापूर्वीं विचार करावा. आपले लोक चटईवर किंवा सतरंजीवर बसून भजन करितात, व टाळ-मृदंगाला जमिनीवरची बैठक शोभते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं अभंग व कीर्तन ख्रिस्ताच्या सेवेस लाविलें, आणि 1917 सालीं ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तेव्हां त्यांच्यापुढें हाच विचार होता कीं आपल्या लोकांना ख्रिस्त आपल्या रीतीनें भेटावा. आपलें गाणें मराठी झालें, पण आपल्या भिंती पुष्कळ ठिकाणीं अजून झाल्या नाहींत. ज्यांचे गुडघे दुखतात अशांसाठीं मात्र भिंतीच्या कडेनें दोन-चार बांकें असावीं.

(ड) भिंती व छप्पर. येथें फार सावध राहिलें पाहिजे. 30 सप्टेंबर 1993 रोजीं पहांटे किल्लारीच्या भागांत भूकंप झाला व लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारों माणसें झोपेंतच मेलीं. तेथील घरें आपल्या जुन्या पद्धतीचीं होतीं : मातीच्या गाऱ्यांत रचलेल्या जाड दगडी भिंती, व वर जड मातीचें माळवद. तें माळवद उन्हाळ्यांत थंड राहतें, म्हणून वडिलांनीं पसंत केलें. पण भिंतीचे दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते, म्हणून धक्का बसतांच भिंत फुटली व सारा भार माणसांवर आला. वडिलांचें आहे एवढ्यावरून तें निर्दोष ठरत नाहीं, हा धडा यांत आहे. दगडी भिंत घालावयाची तर दोन्ही बाजूंस पोहोंचणारे लांब दगड मध्यें मध्यें घालावे, दारा-खिडक्यांच्या माथ्यावर सबंध घराभोंवतीं सलोह काँक्रीटचा पट्टा फिरवावा, व छप्पर हलकें ठेवावें. काळ्या जमिनीवर पाया वरच्यावर घेऊं नये. ती माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते, म्हणून खालीं पक्का मुरूम लागेपर्यंत खणावें. हें सर्व जाणत्या इंजिनियरला विचारूनच करावें.

सामान जवळचें घ्यावें. लॉरी बेकर नांवाचे इंग्लंडांत जन्मलेले स्थापत्यकार 1945 सालीं कुष्ठरोग्यांच्या सेवेच्या कामासाठीं हिंदुस्थानांत आले व 2007 सालीं येथेंच वारले. घराचें सामान पांच मैलांच्या आंत मिळणारें असावें, हा गांधीजींचा विचार त्यांनीं जन्मभर मनांत ठेविला. विटा उभ्या लावून मध्यें पोकळी ठेविली तर भिंतीला सुमारें चौथाई विटा कमी लागतात व ऊनही कमी लागतें, हें त्यांनीं बांधून दाखविलें. खिडकीऐवजीं विटांची जाळी ठेविली तर वारा व उजेड येतो आणि खर्च वांचतो. कोंकणांत जांभ्याचा चिरा व उतरतें कौलारू छप्पर, देशावर काळा दगड किंवा वीट, असें ज्या त्या मुलखाला योग्य तें घ्यावें. नुसता पत्रा घातला तर उन्हाळ्यांत आंत बसवत नाहीं व पावसांत उपदेश ऐकूं येत नाहीं, याचा अनुभव पुष्कळांना असेल.

(इ) नक्षी. ती थोडी असावी व अर्थाची असावी. ज्वारीचें कणीस, द्राक्षांचा घड, कमळ, दिवा या वस्तु आपल्या लोकांना न शिकवितां कळतात. ज्या चिन्हाचा अर्थ लेंकरांना सांगतां येत नाहीं, तें भिंतीवर काढूं नये.

5. तें कोणी बांधावें?

दोर्नकलच्या मुलखांतील ख्रिस्ती बायका स्वयंपाकाच्या वेळीं भांड्यांत तांदूळ घालतांना एक मूठ देवासाठीं बाजूला काढीत. बिशप अझरिया यांचा आग्रह असे कीं गरिबानेंही द्यावें, कारण देणारा माणूस भिकारी राहत नाहीं. बाहेरून सारा पैसा आला तर मंदिर लवकर होईल, पण पहिल्या पावसांत कौल सरकलें कीं लोक म्हणतील, “साहेबांचें घर आहे, साहेबांना कळवा.” मूठमूठ ज्वारीनें झालेलें घर लहान असेल, त्याला दोन पावसाळे अधिक लागतील, पण त्याचें कौल कोणाला न सांगतां नीट होईल. ज्याच्याजवळ धान्य नाहीं त्यानें आठ दिवसांतून एक दिवस हात द्यावे. मात्र तो राजीखुषीनें द्यावा. पंचांनीं गरिबांची नांवें मांडून त्यांना कामावर लाविलें आणि स्वतः सावलींत बसले, तर ती शलमोनाचीच वेठ झाली, मग वर क्रूस कितीही उंच असो.

त्या मंडळीची पुढची बैठक झाली तेव्हां मीं दोर्नकलची हकीकत सांगितली. नंतर आराखड्यावर पुष्कळ बोलणें झालें. शेवटीं पंचांनीं आजोबांना विचारलें, “तुमचें काय म्हणणें?” आजोबा म्हणाले, “खांब ठेवा. माझा बाप दगडच फोडीत होता. कळस नको. आणि पायरी अशी ठेवा कीं मला काठी टेकून चढतां येईल, व माझ्या मागून येणाऱ्याला कोणी खालीं उभें करणार नाहीं.” वहींत तसेंच लिहून घेतलें.

अभ्यासवर्गासाठीं प्रश्न

1. निवासमंडप व शलमोनाचें मंदिर यांच्या बांधकामांत लोकांच्या मनाचा कोणता फरक दिसतो?
2. पूर्वेकडील ज्ञानी लोकांच्या देणग्यांवरून आपल्या लोकांच्या चालीरीतींविषयीं काय शिकावें?
3. आपल्या गांवांतील कोणतें कसब, कोणतें गाणें, घराची कोणती रीत आपण ख्रिस्तापुढें ठेवूं शकूं? कोणती ठेवूं शकणार नाहीं, व कां?
4. आपल्या मंदिरांत कोणाला आंत येणें किंवा बसणें कठीण जातें? तें कठीणपण दगडाचें आहे कीं मनाचें?
5. आपल्या मंडळीनें या वर्षीं स्वतःच्या हातांनीं मंदिराचें कोणतें एक काम करावें?

प्रार्थनेचा विषय : ज्यानें आपल्या शरीरानें मधली आडभिंत पाडिली, त्या प्रभूनें आपणां सर्वांस जिवंत धोंडे करून एका घरांत रचावें; आणि आपण जें घर बांधूं त्याच्या दाराशीं कोणीही बाहेर उभा राहूं नये.